निदानानंतरचे महिने

दुखण्याचें नांव कळलें कीं मनावरचा अर्धा भार उतरतो, असा आपला नेहमींचा अनुभव आहे. ताप कशाचा आहे हें डॉक्टरनें एकदां सांगितलें, कीं औषध, पथ्य आणि बरें होण्याची मुदत हीं तिन्ही त्या नांवामागोमाग येतात, आणि दुखणें जड असलें तरी घरांतील माणसें कामाला लागतात. परंतु कांहीं नांवें अशीं आहेत, कीं तीं कळल्यावरच भार चढूं लागतो. दोन-अडीच वर्षांचें मूल हांक मारली असतां वळून पाहत नाहीं, बोट दाखवून मागत नाहीं, शिकलेले दोन-चार शब्दही सोडून देतें, खेळण्यांतल्या गाडीचें एकच चाक फिरवीत तासन् तास बसतें. आईबाप त्याचे कान तपासून घेतात, सहा महिने वाट पाहतात, आणि अखेरीस एके दिवशीं तज्ज्ञ सांगतो, कीं हें मूल स्वमग्न आहे. ह्या नांवामागोमाग औषध येत नाहीं, मुदतही येत नाहीं. भेट संपते, हातांत एक कागद पडतो, आणि बाहेर पुढचा नंबर पुकारला जातो.

त्या घटकेपासून पुढील सहा-आठ महिन्यांत आईबापांस कोणी कसा आधार दिला, किंवा दिला नाहीं, ह्याचा थोडा इतिहास प्रस्तुत लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे. स्वमग्न मुलांविषयीं अलीकडे आपल्याकडे बरेंच लिहिलें जाऊं लागलें आहे. त्यांच्या आईबापांविषयीं त्या मानानें फारच थोडें. वास्तविक स्वमग्नतेच्या अभ्यासाचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशीं शास्त्रानें आईबापांस कसें वागविलें ह्याचाच इतिहास आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

त्या इतिहासाचा आरंभच मुळीं एका बापाच्या पत्रानें झालेला आहे. 'ऑटिझम' हा शब्द स्वित्झर्लंडमधील मनोवैद्य ऑयगेन ब्लॉयलर ह्यांनीं १९११ च्या सुमारास प्रचारांत आणला खरा, पण तो प्रौढांच्या एका निराळ्या मानसिक आजाराचें लक्षण म्हणून. रशियांतील ग्रुन्या सुखारेवा ह्या विदुषीनें १९२५ सालीं सहा मुलांचें जें वर्णन केलें, तें आजच्या कल्पनेशीं बरेंचसें जुळतें. परंतु त्याकडे पश्चिमेंत फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पुढें अमेरिकेच्या मिसिसिपी संस्थानांतील फॉरेस्ट नांवाच्या लहानशा गांवच्या ट्रिप्लेट नांवाच्या एका वकिलानें १९३८ सालीं आपल्या मुलाची हकीकत तेहतीस पृष्ठांच्या पत्रांत लिहून बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर ह्यांजकडे पाठविली. मूल केव्हां काय बोललें, कशानें चिडलें, कोणती वस्तु कशी मांडून ठेवूं लागलें, हें सारें त्या बापानें टिपून ठेवलें होतें. कॅनरनें १९४३ सालीं अकरा मुलांवर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यांतील पहिलें मूल हेंच. एकंदरींत ज्या निरीक्षणांवर हें शास्त्र उभें राहिलें, तीं प्रथम एका घरांत झालीं, रुग्णालयांत नव्हे. (व्हिएन्नांतील हान्स आस्पेर्गर ह्यांचा निबंध ह्यानंतर एका वर्षानें, म्हणजे १९४४ सालीं, प्रसिद्ध झाला.)

परंतु साक्षीदार म्हणून आलेल्या बापाला लौकरच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें गेलें. ही अवस्था जन्मजात असावी असा निष्कर्ष कॅनरनें निबंधाच्या अखेरीस काढला होता. पण त्याच निबंधांत, ह्या मुलांचे आईबाप बुद्धिमान असले तरी त्यांत मनाची ऊब असलेले थोडेच, असाही एक शेरा त्यानें मारून ठेवला. निष्कर्ष मागें पडला आणि शेरा पुढें आला. १९४९ सालच्या लेखांत तर, बर्फ कधींच न वितळणाऱ्या शीतकपाटांत हीं मुलें जणूं नीट ठेवून दिलेलीं आहेत, असें त्यानेंच लिहिलें. आणि त्यांतूनच पुढें 'शीतकपाटासारखी आई' हा शब्दप्रयोग रूढ झाला. शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम ह्यांनीं १९६७ सालीं 'द एम्प्टी फोर्ट्रेस' ह्या ग्रंथांत ही कल्पना टोंकाला नेली. ते स्वतः नाझींच्या छळछावणींतून सुटून आलेले होते. त्या छावणींतील कैद्यांच्या मनःस्थितीशीं त्यांनीं ह्या मुलांच्या मनःस्थितीची तुलना केली, आणि मुलाला आईबापांपासून दूर ठेवणें हाच उपाय सुचविला. आईची बाजू कोणती, हें ह्या उपमेंत निराळें सांगण्याची गरजच नव्हती. म्हणजे निदानानंतरच्या महिन्यांत, आधाराची सर्वांत अधिक गरज असतांना, त्या पिढीच्या आईबापांच्या हातीं पडलें तें आरोपपत्र.

आपल्याकडील सामान्य घरांपर्यंत हें पाश्चात्य पांडित्य फारसें पोंचलें नाहीं. पण त्याची उणीव भासूं नये इतकी आरोपांची सोय आपल्या घरांत पूर्वींपासूनच आहे. गरोदरपणीं ग्रहण पाळलें नाहीं म्हणून, आई नोकरीला जाते म्हणून, मूल एकुलतें एक म्हणून, त्याला दृष्ट लागली म्हणून, आणि अलीकडे त्याच्या हातांत मोबाइल दिला म्हणून, अशीं कारणें नातेवाईकांच्या तोंडीं तयार असतात. त्यांतील बहुतेक आईच्याच वाट्याला येतात, हें सांगावयास नकोच. दुसऱ्या बाजूनें, "मुलगे उशिरांच बोलतात, ह्याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता," असें आजी सांगते. त्यांत माया असते. पण त्या मायेपायीं वर्ष-दीड वर्ष निघून जातें. दोष देणारे आणि धीर देणारे अशा दोघांच्या कात्रींत सांपडलेली ती आई, कागद घेऊन घरीं येते तेव्हां, तो कोणाला दाखवावा हेंच तिला कळत नाहीं.

हा आरोप खोटा पाडला तो मुख्यतः आईबापांनींच. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकन नौदलांतील मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा स्वमग्न. आपल्या पत्नीनें मुलाला काय कमी केलें, हें त्यांस कोठेंच दिसेना. उपलब्ध असलेलें सारें लेखन चाळून त्यांनीं १९६४ सालीं एक ग्रंथ लिहिला आणि ही अवस्था शरीरगत आहे, आईच्या वागण्यानें आलेली नाहीं, असें प्रतिपादन केलें. त्या ग्रंथाला प्रस्तावना खुद्द कॅनरनें लिहिली, ही गोष्ट त्याच्या प्रामाणिकपणाला शोभेशीच आहे. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतील पालकांची राष्ट्रीय संस्था निघाली. लंडनमध्यें तर अशी संस्था १९६२ सालींच स्थापन झाली होती. तिच्या संस्थापकांपैकीं लॉर्ना विंग ह्या एकाच वेळीं मनोवैद्यही होत्या आणि एका स्वमग्न मुलीच्या आईही. स्वमग्नतेच्या कक्षा रुंद करणारें त्यांचें १९७९ सालचें संशोधन आजही पायाभूत समजलें जातें. ज्या १९६७ सालीं बेटेलहाइमचा ग्रंथ निघाला, त्याच सालीं क्लॅरा पार्क ह्या आईनें आपल्या मुलीची हकीकत 'द सीज' ह्या नांवानें प्रसिद्ध केली. एकाच वर्षाच्या त्या दोन पुस्तकांपैकीं कोणाचें म्हणणें टिकलें, हें आतां सांगण्याची गरज नाहीं. १९६९ सालीं पालकांच्या सभेंत कॅनरनें उभें राहून, तुम्हां आईबापांस मी निर्दोष ठरवितों, अशा अर्थाचे उद्गार काढले. १९७७ सालीं फोल्स्टीन आणि रटर ह्यांनीं जुळ्या मुलांच्या एकवीस जोड्या तपासल्या. त्यांपैकीं अकरा जोड्या एकसारख्या जुळ्यांच्या होत्या. त्यांतील चार जोड्यांत दोन्ही मुलें स्वमग्न आढळलीं. उरलेल्या दहा जोड्या भिन्न जुळ्यांच्या होत्या, आणि त्यांत अशी एकही जोडी निघाली नाहीं. आनुवंशिकतेचा हा पुरावा मिळाल्यावर आईवरील आरोपाला शास्त्रांत जागा उरली नाहीं. घरांत ती उरली आहे, हा प्रश्न निराळा.

आतां आपण मुंबईकडे वळूं. सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयानें १९३७ सालीं येथें बालमार्गदर्शन केंद्र काढलें. हिंदुस्थानांतील अशा प्रकारचें तें पहिलें केंद्र समजलें जातें. परंतु ह्या शहरांत असल्या मुलांसाठीं ज्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांच्या मुळाशीं पाहूं गेलें असतां पुनः पुनः एखादें आईबापांचें जोडपें किंवा एखादी आईच आढळते. शिवडीची जय वकील शाळा वकील दांपत्यानें १९४४ सालीं काढली ती आपल्या मुलीच्या निमित्तानें. मेंदूच्या पक्षाघातानें पंगु झालेल्या मुलांसाठीं मिठू अलूर ह्यांनीं १९७२ सालीं कुलाब्यास स्पॅस्टिक्स सोसायटीची शाळा काढली. तिच्याही मागें त्यांची कन्या होती. स्वमग्न मुलांच्या बाबतींत दिल्लीच्या मेरी बरुआ ह्यांनीं, आपल्या मुलाच्या अनुभवावरून, १९९१ सालीं 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था स्थापन केली. आईनें किंवा बापानें मुलासह कांहीं आठवडे तेथें येऊन राहावें, आणि मुलाला कसें शिकवावें हें स्वतः शिकून परत जावें, असा तिचा एक मुख्य उपक्रम आहे. मुंबईंतील 'फोरम फॉर ऑटिझम' ही पालकांचीच संघटना. आणि 'सोपान' हें नांव तर स्वमग्न मुलांच्या पालकांची सभा ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरूनच बनलेलें आहे. विकासविषयक बालरोगतज्ज्ञ डॉ. विभा कृष्णमूर्ति ह्यांनीं २००१ सालीं 'उम्मीद' हें केंद्र सुरू केलें; तेथें मुलाबरोबर कुटुंबासही उपचाराचा भाग मानलें जातें, हा त्याचा विशेष.

कायद्याची चाल ह्याहून मंद. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यांत सात प्रकार गणले होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. तेव्हां मुलाला सरकारी दाखला हवा असल्यास तो 'मतिमंद' म्हणून घ्यावा लागे, आणि ज्याची बुद्धि चांगली त्याला तोही मिळत नसे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यांत स्वमग्नतेचें नांव आलें. आणि २०१६ च्या कायद्यानें एकवीस प्रकारांत तिचा स्वतंत्र समावेश केला. ज्या अवस्थेचें वर्णन १९४३ सालीं झालें, तिला दाखल्यावर तिचें स्वतःचें नांव मिळावयास इतकीं वर्षें लागलीं.

परंतु मुंबईचा प्रश्न केवळ संस्थांच्या संख्येचा नाहीं; तो भूगोलाचाही आहे. वर सांगितलेल्या शिवडी, कुलाबा आणि लोअर परळ (जेथें 'उम्मीद' आहे) ह्या जागा, तसेंच परळचें वाडिया बालरुग्णालय, हें सारें जुन्या बेटावर आहे. आणि माणसें मात्र उत्तरेकडे सरकत गेलीं. १९५० सालीं महापालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत गेली, १९५७ सालीं दहिसर-मुलुंडपर्यंत. १९९० सालीं उपनगरांचा निराळा जिल्हा झाला. गिरगांव, दादर, लालबाग येथील चाळींतून निघालेलीं मराठी कुटुंबें बोरिवलीस आणि मुलुंडास गेलीं. चाळींतल्या बिऱ्हाडांत मूल वेगळें वागूं लागलें तर सबंध मजल्याला कळे. त्यांत जाच होता, तसेंच दोन तास मुलाला सांभाळणारी शेजारीणही होती. उपनगरांतल्या बंद दाराच्या घरांत जाच कमी झाला आणि शेजारीणही गेली.

अशा घरांतून निदानानंतरच्या महिन्यांत आईची एक फेरी सुरू होते. बोलण्याच्या उपचारासाठीं एकीकडे, हातापायांच्या व संवेदनांच्या उपचारासाठीं दुसरीकडे, शाळेच्या शोधांत तिसरीकडे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथें आतां खासगी उपचारकेंद्रें पुष्कळ निघालीं आहेत. तेथें पैसे तासाच्या हिशोबानें जातात, आणि चांगलें कोणतें हें ओळखण्याचें साधन नव्या आईबापांजवळ नसतें. पूर्वीं मध्य रेल्वेच्या घाटकोपरहून पश्चिम रेल्वेच्या अंधेरीस जावयाचें, तर दादरपर्यंत उतरून पुनः वर चढावें लागे, नाहींतर बसमध्यें तासभर अडकावें लागे. ८ जून २०१४ रोजीं वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि तें अंतर सुसह्य झालें. तथापि ज्या मुलाला अनपेक्षित आवाज आणि अंगाला लागणारी गर्दी हींच असह्य होतात, त्याला उपचारासाठीं न्यावयाचें तें ह्याच फलाटांवरून. उपचाराच्या जागीं पोंचेपर्यंत मूल थकून रडकुंडीला आलेलें असतें, आणि त्याच्या रडण्याकडे पाहून डब्यांतलें कोणीतरी आईला दोन शब्द सुनावून मोकळें झालेलें असतें.

ह्या फेरींत आणखी एक हानि होते, तिच्याकडे मराठी वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. मुलाचा गोंधळ नको म्हणून घरांत एकच भाषा बोला, असा सल्ला पुष्कळदां दिला जातो; आणि ती भाषा, शाळेची म्हणून, इंग्रजी ठरते. मग ज्या आजीला इंग्रजी येत नाहीं ती गप्प बसते, आणि आई आपल्या मुलाशीं परक्या भाषेंत मोजके शब्द बोलूं लागते. दोन भाषा कानांवर पडल्यानें स्वमग्न मुलाचें बोलणें मागें पडतें, असें आजवरच्या अभ्यासांतून दिसून आलेलें नाहीं. ज्या भाषेंत आईला सहज लाडें बोलतां येतें, ती भाषा मुलापासून काढून घेण्यास कांहींही आधार नाहीं.

मग आधार कसा असावा? ह्याचें एक उत्तर आपल्या शेजारीं, गोव्यांत मिळालें आहे. तेथील 'संगत' ह्या संस्थेच्या डॉ. गौरी दिवाण आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं, इंग्लंडांत सिद्ध झालेली एक पद्धति आपल्याकडील परिस्थितीला बेतून घेतली, आणि गोवा व पाकिस्तानांतील रावळपिंडी अशा दोन ठिकाणीं मिळून पासष्ट मुलांवर तिची पारख केली. तिचे निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाले. पद्धति साधी आहे. आई किंवा बाप मुलाशीं खेळत असतांना त्याचें थोडें चित्रण करावयाचें. मग कार्यकर्तीनें आणि आईनें तें एकत्र बसून पाहावयाचें. मुलानें केव्हां नजर वळविली, केव्हां हात पुढें केला, आणि तेवढ्यांत आपणच घाईनें बोलून त्याची संधि कशी घालविली, हें आईला स्वतःलाच त्या चित्रांत दिसतें. पुढच्या वेळीं ती थांबते. अशा बारा बैठका. त्या घेणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या. शिकवून तयार केलेल्या साध्या कार्यकर्त्या होत्या. ज्यांस हा आधार मिळाला त्या घरीं आईबापांचा मुलाला मिळणारा प्रतिसाद सुधारला, आणि मूल आपण होऊन अधिक वेळां संवाद सुरू करूं लागलें.

ह्या प्रयोगाचें महत्त्व आम्हांस दोन कारणांनीं वाटतें. पहिलें हें, कीं तज्ज्ञ थोडे आणि मुलें फार, अशा देशांत तज्ज्ञांची वाट पाहत बसण्याचें कारण उरत नाहीं. गरज केवढी आहे ह्याची कल्पना २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीवरून येते. उत्तर गोव्यासह देशांतील पांच भागांत दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची तपासणी केली, तेव्हां सुमारें आठांत एका मुलाला विकासाची कोणती ना कोणती अडचण असल्याचें आढळलें. स्वमग्नता ही त्यांतील एक. दुसरें कारण अधिक मोलाचें. ज्या आईला शास्त्रानें एकदां आरोपी ठरविलें होतें, तिलाच येथें मुलाची पहिली शिक्षिका मानलें आहे, आणि तेंही तिच्यावर नवा भार न टाकतां, तिच्या शेजारीं बसून. मुलाला सुधारणें आतां सर्वस्वी तुझ्या हातीं, असें आईला सांगणें म्हणजे जुनाच आरोप निराळ्या शब्दांत करणें होय. हा भेद उपचार करणारांनीं विसरूं नये.

शेजारीं बसणारें कोणी नसलें म्हणजे त्या रिकाम्या जागेंत दुसरेच लोक येऊन बसतात. १९९८ सालीं इंग्लंडांतील एका डॉक्टरनें बारा मुलांवरील निबंधांत गोंवराच्या लसीशीं स्वमग्नतेचा संबंध सुचविला. तो निबंध २०१० सालीं मागें घेतला गेला, पण मधल्या बारा वर्षांत कित्येक आयांनीं, आपण लस टोंचून घेतली म्हणून स्वतःला दोष दिला. आपल्याकडे मूलपेशींच्या उपचारानें स्वमग्नता बरी होते, असें सांगून मोठमोठ्या रकमा घेण्याचा व्यवहार चालला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळानें डिसेंबर २०२२ मध्यें ह्या उपचाराची शिफारस करतां येत नाहीं असें स्पष्ट केलें. अशा उपचाराला दागिने मोडून पैसे उभे करणारे आईबाप मूर्ख नसतात. त्यांस निदान मिळालेलें असतें आणि त्याशिवाय कांहींच मिळालेलें नसतें.

तेव्हां ह्या महिन्यांत खरें साह्य कोणतें, ह्याचा विचार केल्यास तें फार अवघड नाहीं असें दिसेल. पहिलें, दोष कोणाचा नाहीं, हें आईला, आणि तिच्या देखत सासूला व नवऱ्याला, स्पष्ट शब्दांत सांगणें. दुसरें, दुःखाला वेळ देणें. जें मूल मनांत कल्पिलें होतें तें गेल्याचें दुःख खरें असतें, आणि समोरच्या मुलावरील प्रेमाशीं त्याचा विरोध नसतो. तिसरें, सगळे उपचार एकदम सुरू करण्याच्या घाईपासून आईबापांस आवरणें, आणि रोजच्या आंघोळींत, जेवणांत, जिना उतरण्यांत मुलाशीं देवघेव कशी वाढेल हें दाखविणें. चौथें, कागदपत्रें: दाखला कोठें मिळतो, राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेंत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत उपचारखर्चाचा विमा कसा उतरतां येतो, हें नीट सांगणें. आणि पांचवें, बापाला ह्या कामांत ओढणें. सकाळच्या गाडीनें जाऊन रात्रीं परतणारा उपनगरांतला बाप पुष्कळदां निष्ठुर नसतो, त्याला केवळ कोणी बोलावलेलें नसतें.

ह्यांतील बहुतेक कामें, चार-पांच वर्षें ह्याच वाटेनें चाललेले दुसरे आईबापच उत्तम करूं शकतात. पुढें काय होणार, ह्या प्रश्नालाही त्यांच्याइतकें खरें उत्तर कोणापाशीं नसतें. फॉरेस्ट गांवचा तो डोनाल्ड पुढें बँकेंत नोकरीस लागला, मोटार हांकूं लागला, देशोदेशीं हिंडला, आणि २०२३ सालीं एकोणनव्वदाव्या वर्षीं वारला. गांवानें त्याला आपलें मानलें होतें, हें त्याचें भाग्य. प्रत्येक मुलाचें असेंच होईल असें वचन कोणी देऊं नये. कित्येक मुलें बोलत नाहींत, कित्येकांस जन्मभर सोबत लागते. जुहू येथें एका आईच्या पुढाकारानें २०१८ सालीं 'अर्पण' हें उपाहारगृह निघालें, आणि त्यांत अशाच प्रौढ मुलांस काम मिळालें. नव्या आईबापांनीं अशी एखादी जागा डोळ्यांनीं पाहिली, तर भविष्याविषयींची त्यांची भीति निदान आकारास येते. आणि आकार असलेल्या भीतीशीं माणसाला वागतां येतें.

सरकारनें लहान मुलांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्यें आरंभिला तो आपल्याच पालघर येथें, आणि तपासावयाच्या गोष्टींत स्वमग्नतेचाही समावेश केला. शोध घेण्याची व्यवस्था अशी हळूहळू होत आहे. पण मूल सांपडल्यावर त्याच्या आईबापांस कोणाच्या हातीं द्यावयाचें, ह्याची व्यवस्था तिच्या मागोमाग व्हावयास पाहिजे. उपनगरांतील प्रत्येक प्रभागांत महापालिकेची एखादी शाळा आहे, आणि रविवारीं तिचे वर्ग रिकामे असतात. त्यांतील एक खोली, आठवड्यांतून दोन तास, अनुभवी पालक आणि शिकविलेली एक कार्यकर्ती, एवढ्यानें आरंभ होण्यासारखा आहे. तोंपर्यंत निदान सांगणारानें इतकें तरी करावें, कीं कागदाबरोबर त्याच स्थानकाजवळ राहणाऱ्या, तिची संमति असलेल्या, दुसऱ्या एका आईचा पत्ता लिहून द्यावा. बोरिवलीच्या बाईला बोरिवलींतच, मुलुंडच्या बाईला मुलुंडांतच, जिच्या घरीं मुलाला घेऊन पायीं जातां येईल अशी.